बाटलीतला वटाणा

— न्हाई हो बाई, दारू न्हाई. वटाना! वटान्यानं आडवा पाडलाय मानूस. हसा की, हसा — दवाखान्याच्या बाकावर कुनी हसत न्हाई म्हनून मीच सांगते, हसा. तुमच्या सासऱ्याला घोडेगावच्या बाजारात बैलानं शिंग मारलं, त्यात अब्रू हाय. चार मानसांत सांगता येतं. मी काय सांगू? आमचे मालक, श्रीरामपूरचे कृपादान घड्याळवाले, अख्ख्या तालुक्याची बिघडलेली घड्याळं ज्यांच्या हाताखाली सरळ चालतात, ते बशीभर वटाना खाऊन त्या समोरच्या खोलीत पडलेत — नाकात नळी घालून. आन् मी मरिया, त्यांची लग्नाची बायको, हितं भाईर. सिस्टर म्हनती, आत येऊ नका, तुमी रडता. मी! मी रडनारी दिसते का तुमाला? — हां, तेच म्हनते मी. धूळ लई हाय ह्या नगरात.

तर झालं काय, माघात वटाना उतू चालला हुता. बेलापूरकडचे पुंजाराम कालव्याच्या पान्यावर भाजीपाला करतात, त्यांच्या बापाचं जुनं घड्याळ ह्यांनी चालू करून दिलं, तर ते खूश होऊन पोतंभर शेंगा टाकून गेले. पोतंभर! घरात खानारी तोंडं तीन — हे, मी आन् सासूबाई, आन् सासूबाईंच्या तोंडात दात न्हाई. दुसरा कुनी असता तर शेजारपाजारी वाटून मोकळा झाला असता. पन आमच्या घरात शास्त्रज्ञ राहतो ना! त्याच आठवड्यात चर्चच्या हॉलात महिला मंडळाला शेतकी खात्याची बाई आली हुती, भाज्या बाटलीत भरून वर्षभर कशा ठेवायच्या ते दाखवायला. कार्यक्रम बायकांचा, आन् खिडकीत बघावं तर ह्यांचं डोकं. त्या बाईला मी नाव ठेवनार न्हाई, तिनं सगळं नीट सांगितलं — दाना ताजा घ्या, बाटलीत वर बोटभर जागा सोडा, आन् मग तिनं दाखवला तो मोठा जाड कुकर, झाकनावर घड्याळासारखा काटा. तीनतीनदा म्हनाली, कैरीत, लिंबात आंबटपना असतो, तिथं साध्या उकळत्या पान्यावर भागतं. वटान्यात आंबटपना न्हाई, त्याला दाबाची वाफच पायजे, कुकर नसंल तर भरूच नका, वाळवा. समद्या बायकांनी ऐकलं. खिडकीनं न्हाई ऐकलं. खिडकीला नुसतं तोंड हुतं, कान न्हवते.

घरी येऊन मला म्हनतात, "मरिया, कुकर म्हंजे घाईच्या मानसाचं काम. पानी उकळलं म्हंजे उकळलं. ती थोडा वेळ वाफेत ठेवती, आपन चौपट वेळ उकळू." घड्याळजी ना! म्हनलं, अवो, बाई न्हाई म्हनाली. तर म्हनतात, "बाईला पगार कुकर दाखवायचाच मिळतो." पुढं बोला! मिशनमधल्या मॅडम विलायतेला परत गेल्या तवा त्यांच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या ह्यांनी आनून ठेवल्या हुत्या, रबरी चकत्या, पत्र्याची झाकनं, सगळं साग्रसंगीत. अंघोळीच्या हंड्यात बाटल्या, हंडा चुलीवर, आन् साहेब पाटावर बसून हातातल्या घड्याळाकडं बघतात — जनू काय तपश्चर्या. सरपन संपलं, सासूबाईंची अंघोळ राहिली, पन बाटल्या बाकी दिसायला देखन्या झाल्या, खोटं कशाला बोलू. हिरव्यागार. फळीवर रांगेनं मांडल्या. पाव्हना आला की आधी बाटल्या, मग चहा. पाळकसाहेब आले तर त्यांनाबी उभं करून दाखवल्या, "बघा, निसर्गावर मात!" मात झाली की — कुनावर झाली ते आत पडलंय.

आता हितले डॉक्टर सांगतात, पानी कितीबी वेळ उकळा, त्याचा ताप एका हद्दीच्या वर जातच न्हाई, मग तुमी दिवसभर बसा नाहीतर महिनाभर. मातीतला एक जंतू असतो म्हने, त्याचं बीज त्या उकळीत मरत न्हाई. दाबाच्या वाफेतच मरतं. आन् बंद बाटली, आत वारा न्हाई, आंबट न्हाई — त्याला तर माहेरपनच! बसून वीष करतं. आन् ते वीष कसं? वास न्हाई, चव न्हाई, झाकन फुगलं तर नशीब, आमचं तेबी न्हाई फुगलं. मानसानं ओळखायचं कसं? ओळखायचंच न्हाई, म्हनले. भरायचाच न्हाई तसा.

काय? — मग उघडली कशाला चैतात? अवो, ठेवलीच हुती चैतासाठी, उन्हाळ्यात भाजीचं पान दिसत न्हाई ह्या वर्षी, पाऊस तरी कुठं धड झालाय. न्हाई, तसं मीच म्हनलं हुतं. वटाना खावा वाटतो, म्हनलं. आता अडतिसाव्या वर्षी बाईला भर उन्हाळ्यात हिरवा वटाना खावा वाटतो, भाकरीचा वास सोसत न्हाई, तर ते कशामुळं, तुमी पन बाईच हाय, तुमाला — काही न्हाई. पित्त. पित्तच ते. — का बघता अशा? बरं, न्हाई पित्त. पंधरा वर्सं झाली लग्नाला. सासूबाईंनासुद्धा सांगितलं न्हाई अजून, फक्त ह्यांना ठावं, आन् आता तुमाला, बैलानं मारलेल्या सासऱ्याच्या सुनेला. बघा कुनापुढं तोंड उघडलं मी!

तर ऐकून जे काही झालं त्या मानसाला! दुकानात गिऱ्हाइकाला सांगतात, आज घड्याळ फुकट. कशाबद्दल? सांगत न्हाईत, नुसतं हसतात, येड्यावानी. आन् मी वटाना म्हनायचा अवकाश, रविवारी चर्चमधून आल्या आल्या फळीवरची पहिली बाटली उतरवली. बशीत वतला, मीठ, लिंबू. मी हात पुढं केला तर बशी मागं. "थांब, आधी मी चाखतो. तुझ्या पोटात काही वंगाळ जायला नको." चमचाभर खाल्ला, डोळे मिटून, मोठा अमृत प्याल्यासारखा. "झकास! घे." आन् मला त्या पान्याकडं बघूनच उमळून आलं, मोरीकडं पळाले. परत आले तर हे बशी पुसून बसलेले. म्हनतात, तू खाईना, मग टाकायचा व्हय? — एक दाना न्हाई गेला माझ्या तोंडात, बाई. एक दाना. डॉक्टर म्हनले, एका चमच्यानंसुद्धा... जाऊ द्या. लई शहाने आमचे मालक. चाखून बघायला गेले!

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाशी भांडन — म्हने ह्या घड्याळाला चार काटे कुनी बसवले? गिऱ्हाईक म्हनतं दोनच हायेत. हे म्हनतात चार. दुपारी घरी आले तर पापन्या उचलंनात, जीभ जड, शब्द लोळायला लागले. ताप न्हाई, काही न्हाई. गल्लीतल्या डॉक्टरला दाखवलं, तर तो नाकाला रुमाल लावून म्हनतो, घरी न्या, उतरंल रात्रीतनं. दारूबंदी मंडळाचे सेक्रेटरी आमचे! त्यांना भांडायचं हुतं, पन तोंडातनं नुसतं बुळबुळ. मग पानी पाजलं, ते नाकातनं भाईर आलं. तवा मी घाबरले. शेजारच्या काकासाहेबांनी जीप काढली, सरळ हितं. हितल्या डॉक्टरनं पहिलं काय इचारलं असंल — "काय खाल्लं?" मी म्हनलं, वटाना. त्यांचा चेहराच उतरला.

ह्याच्यावरचं औषध हितं मिळंना. म्हनले, श्वास बंद पडू द्यायचा न्हाई आन् वाट बघायची. तोंडावर रबरी फुगा लावून दाबत राहिले हो, एक थकला की दुसरा, सिस्टर, वॉर्डबॉय, काकासाहेबसुद्धा. मीबी दाबला. आन् गंमत म्हंजे मानूस आत जागा! कान शाबूत, अक्कल शाबूत — म्हंजे हुती तेवढी. फक्त बोलता येत न्हाई, हलता येत न्हाई. पंधरा वर्सांत पयल्यांदा मी बोलतेय आन् हे गप ऐकतायत. लई बोलून घेतलं मी. समदं सुनावलं. आन् मग त्यांच्या मिटल्या पापनीतनं पानी आलं — तवाच सिस्टरनं मला भाईर काढलं, उगीच. आता छाती आपली आपन चालती. पन गिळता यायला पायजे, डॉक्टर म्हनले, स्वतःहून घोट गिळला की समजा गाडी वळली. न्हाई गिळला, तर —

काय म्हनता? तुमच्या जावेनं पन भरून ठेवल्यात? पातेल्यात उकळून? अवो बाई, मग हितं काय बसलात! जाऊन सांगा तिला, उघडू नका, चाखू तर आजाबात नका, म्हशीला, कोंबड्यांना घालू नका, झाकनासकट खोल खड्ड्यात पुरा. आमच्या उरलेल्या समद्या काकासाहेबांनी पुरल्या. म्हनंल ती, दिसायला चांगला हाय. आमचाबी देखना हुता! वाळवा म्हनावं उन्हात, ऊन तर फुकट हाय आपल्या नगर जिल्ह्यात. वाळला वटाना कुनाला मारत न्हाई, फार तर दात —

अगं बाई, सिस्टर. व्हय, मीच. काय झालं? न्हाई, मी रडत न्हाई, ह्या बाईंना इचारा. — काय? — चमच्यानं? पानी? — नाकातनं न्हाई आलं? खाली गेलं? नक्की बघितलं तुमी, नरडं हललं?

— काही न्हाई, धूळ. धूळ गेली डोळ्यात.

दुसरा चमचा मागतात? खुनेनं? — मागनारच. हावरट मानूस. — न्हाई, येते, येते मी. सरका बाई. सरका म्हनते ना, वाट द्या.