लाकडी रणगाडे

संग्रहालयाच्या खिडकीपुढे एक म्हातारी बहीण आणि तिचा धाकटा भाऊ एकच फॉर्म दोन बाजूंनी धरून उभे होते. मागचे निवृत्त मास्तर कान टवकारून ऐकत होते. नंबर यायला अवकाश होता आणि दुसऱ्याच्या घरचं भांडण फुकट होतं.

“लिही ना. ‘वडील महायुद्धाबद्दल काय सांगत?’ पानभर जागा सोडलीय.”

“लाकडी रणगाडे करायचो, म्हणायचे. विमानातून खरे वाटावेत असे.”

“ही झाली एक ओळ. पुढे?”

“एकदा शत्रूनं त्यांच्या रणगाड्यावर खराखुरा बॉम्ब टाकला. अण्णा आनंदानं नाचले म्हणे. त्यांच्या सुतारकामाला एवढी दाद कुणी दिली नव्हती.”

“हे कधी सांगितलं?”

“तुझे सासरे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा. मी म्हटलं, रणगाडे राहू द्या अण्णा, आधी हे डुलणारं टेबल बघा. सगळे हसले.”

“मीही हसले.”

“तू तर ठसका लागेपर्यंत.”

“आणि अण्णा?”

“दुसऱ्या दिवशी टेबलाचा पाय नीट केला. लढाईबद्दल मात्र मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही.”

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “आजोबा, आठवेल ते सगळं लिहा हं. त्या सुतारांबद्दल आमच्याकडे काहीच नाही.”

“ऐकलंस? लिही.”

“काय लिहू, ताई?”

“टेबलाचं लिही. चाळीस वर्षं झाली, हललेलं नाही.”