आयटीतल्या माणसाचा लॅपटॉप

...आणि वर लोक मलाच विचारतात, श्यामराव, तुम्ही समोरच्या दारात राहता, तुम्हाला कसा पत्ता लागला नाही? आता मला सांगा, समोरचा माणूस रोज सकाळी भांग पाडून, पाठीला सॅक लावून जिना उतरतो, संध्याकाळी दमून वर येतो, त्याला काय मी मधेच अडवून विचारायचं, की काय रे, तुझी नोकरी आहे ना अजून? आम्ही वारज्यात राहतो हो, एवढे आगाऊ नाही आहोत... म्हणजे आहोत, पण त्यालाही काहीतरी निमित्त लागतं.

तर हा चेतन. हडपसरला आयटी पार्कात वीस वर्षं, मॅनेजर. आता मॅनेजर म्हणजे नक्की काय करतो, हे मला आजतागायत कळलेलं नाही, त्याच्या बायकोला, पूर्वालासुद्धा धड सांगता यायचं नाही, पण त्याचे वडील, संभाजीकाका, त्यांना पक्कं ठाऊक! पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या हॉलमध्ये गेलात तर बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्या खाली चेतनचा फोटो, मागे काचेची इमारत आणि गळ्यात कंपनीचा पट्टा. घराण्यात मॅट्रिक झालेले काका पहिले आणि त्या काचेत शिरलेला चेतन पहिला, अभिमान असणारच, का असू नये? पण त्या अभिमानाचा ताप चेतनला! कोणाचा टीव्ही बंद पडू दे, वायफाय रुसू दे, अहो एकदा लिफ्ट अडकली, तर काका दारातून ओरडले, ‘चेतनला बोलवा. आयटीत आहे ना तो, त्याला काय!’ आणि तो बिचारा लिफ्टच्या बटणाकडे बघत उभा, कारण तुम्हाला सांगतो, या माणसाने वीस वर्षांत स्वतःच्या हाताने पंख्याचा रेग्युलेटर बदललेला नाही.

मग सहा महिन्यांपूर्वी ती गेली. नोकरी हो. कशी गेली ऐका. सकाळी व्हिडिओ कॉल आला, पडद्यावर एचआरच्या बाई, आवाज असा की साखर विरघळावी, ‘चेतन, कंपनीला ना तुमचा खूप अभिमान आहे...’ असं वाक्य कानावर आलं की माणसाने ओळखावं आणि पायात चपला घालाव्यात! पण हा ऐकत बसला. समोर लांबलचक मजकूर उघडला, खाली बटण, ‘मला मान्य आहे’. आता याची सवय काय? मॅनेजर ना! वीस वर्षं जे समोर येईल ते न वाचता मान्य. सुट्टी मान्य, बिल मान्य, अहवाल मान्य. दाबलं बटण! आणि दाबल्यावर वाचलं, की मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. दुपारी गेटवर पट्टा काढून घेतला, लॅपटॉप काढून घेतला, आणि निरोप म्हणून एक झाडाची कुंडी दिली. मला राग येतो हो. वीस वर्षं राबलेल्या माणसाला कुंडी देता?

पूर्वाला त्याने रात्रीच सांगितलं, पण काकांना नाही. दुसरी लागली की मग सांगू, म्हणाला. आणि सुरू झालं ते सोंग! रोज सकाळी सॅक. लॅपटॉपच्या जागी घडी केलेली चादर, नाहीतर सॅक चपटी दिसते ना. जायचं कुठं? शनिवार पेठेतल्या एका अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेच्या पोरांमध्ये हा चव्वेचाळीस वर्षांचा गडी दिवसभर अर्ज करत बसायचा फोनवरून, आणि ती पोरं त्याला विचारायची, ‘काका, तुमचा कितवा अटेम्प्ट?’ आणि इकडे संभाजीकाका जिन्यात प्रत्येकाला सांगतायत, पोरगा फार दमतो हल्ली, कामाचा बोजा वाढलाय. आयटीत आहे ना तो!

शेवटी एक मुलाखत आली, आणि तेव्हा कुठं त्याने मला हे सगळं सांगितलं. शुक्रवारी सकाळी, घरून, कॉम्प्युटरवर, कॅमेरा लावून. फोन चालणार नाही म्हणे. आता कॉम्प्युटर कुठून आणायचा? कंपनीचा गेला, पूर्वाचा तिच्याबरोबर ऑफिसात जातो, माझ्या कॉम्प्युटरला कॅमेराच नाही, आणि नवा घ्यावा तर काका विचारणार, कंपनीने दिलेला काय झाला? म्हणून माळ्यावरून काढला तो पुरातन लॅपटॉप. लग्नाच्या आधीचा! बॅटरी केव्हाच मेलेली, वायर लावली तर जिवंत, वायर हलली की खलास. चालू व्हायला इतका वेळ की तोवर आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि चालू झाल्यावर म्हणतो काय, की मुलाखतीचं सॉफ्टवेअर माझ्यावर चालणार नाही, माझं विंडोज जुनं झालंय. म्हणजे पुसून नवीन टाका. मी म्हटलं, दुकानात दे. तर म्हणाला, ‘श्यामकाका, त्यात काय? आयटीत आहे ना मी.’

बघा, स्वतःच म्हणाला! बापाचं ऐकून ऐकून त्यालाही खरं वाटायला लागलेलं.

गुरुवारी काकांना ‘आज घरून काम आहे’ असं सांगून तो लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे आला. माझ्या कॉम्प्युटरवर ते विंडोज उतरवून घेतलं, पेनड्राइव्हवर टाकलं, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, बटण दाबलं... काळा पडदा. पुन्हा दाबलं, काळा पडदा. शेवटी त्याने प्रज्ञेशला फोन लावला. हा प्रज्ञेश म्हणजे त्याच्याच हाताखालचा, कालपर्यंत सर, सर करत मागे फिरणारा, त्याची नोकरी शाबूत. तो फोनवर म्हणतो, ‘अरे चेतन, नुसती कॉपी नाही करायची ती फाइल, पेनड्राइव्ह बूटेबल करावा लागतो, म्हणजे लॅपटॉप त्याच्यावरूनच सुरू होतो, बेसिक आहे यार.’ सर गेलं, अरे आलं! मी चेतनच्या तोंडाकडे बघितलंच नाही, उठून पाणी आणायला गेलो.

बरं, तसा केला पेनड्राइव्ह. आता सुरू होताना कुठलं तरी एक बटण दाबायचं, कुठलं ते मात्र कोणालाच माहीत नाही! एफ टू म्हणे, नाहीतर एफ ट्वेल्व्ह, नाहीतर एस्केप. पडद्यावर कंपनीची खूण चमकते न चमकते तोवर हा दहाही बोटांनी पेटी वाजवल्यासारखा, आणि जुनं विंडोज आपलं हजर! केव्हातरी लागलं हो ते बटण एकदाचं. निळी पाटी आली, तिच्यावर बराच मजकूर, मी चष्मा काढून वाचायला घेतोय, या डिस्कवरचं सगळं कायमचं पुसलं जाईल... तोवर याने दाबलं! न वाचता! म्हटलं, अरे, आत काय होतं? तर म्हणाला, काही नसेल. होते. लग्नाचे फोटो होते, दुसरीकडे कुठंच नव्हते, पूर्वाने संध्याकाळी सांगितलं. ती आपली कपड्यांच्या घड्या घालत राहिली, आणि त्याची मात्र मान वर होईना.

पण ते नंतर. आधी दुपारचं ऐका. निम्म्याच्या वर काम झालेलं, आकडा पुढे सरकतोय, चेतनच्या तोंडावर कित्येक महिन्यांनी रंग आलाय... आणि फटकन वीज गेली. पंखा बंद, लॅपटॉप बंद, बॅटरी तर मेलेलीच! अहो, गुरुवार! पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे शेंबड्या पोराला विचारा, तो सांगेल. पण याचे वीस वर्षांतले सगळे गुरुवार काचेच्या आत गेलेले, तिथे जनरेटर, एसी, आणि कॉफीचं मशीन. आपल्या घरी गुरुवारी वीज नसते ही बातमी याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळली. आणि मी सांगायला नको होतं का? पण मला वाटलं, आयटीत आहे, काहीतरी सोय केली असेल!

तेवढ्यात काका आले, हातात वर्तमानपत्राचा पंखा. म्हणाले, हा जुना डबा कशाला काढलायस, कंपनीचा कुठाय? चेतन म्हणाला, सर्व्हिसिंगला दिलाय. काका त्या काळ्या पडद्याकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, जमेल, जमेल, आणि गेले. मला तर दरदरून घाम फुटला, आणि तो काही वीज गेल्याचा नव्हता.

वीज आली, पहिल्यापासून पुन्हा सगळं, आणि दिवेलागणीला झालं एकदाचं. नवं विंडोज उघडलं आणि त्याने जो स्वागताचा ठणाणा केला, तुम्हाला सांगतो, खालच्या पद्मजाताई वर बघायला आल्या! आवाज कमी होईना. पट्टी खाली ओढा, वर ओढा, बटणं बडवा, आवाज आपला तेवढाच. हेडफोनचं भोक तर कधीच मोडलेलं. प्रज्ञेशने फोन उचलला नाही. शेवटी ठरलं काय, की शुक्रवारी काका दळण आणायला जातात, गिरणीवर त्यांच्या गप्पा रंगतात, तेवढ्यात मुलाखत उरकायची. आणि मी जिन्यात पहारा द्यायचा.

दिला पहारा. पण त्या गिरणीचा पट्टा नेमका त्याच दिवशी तुटला हो! काका डबा तसाच खांद्यावर घेऊन परत. मी आडवा गेलो, काका, या ना, चहा घेऊ म्हटलं, आणि दाराच्या आतून आवाज आला, अख्ख्या जिन्यात घुमला, ‘मिस्टर चेतन, यू आर विदाउट अ जॉब फॉर फोर मंथ्स. व्हाय?’

काका पायरीवर थांबले. आत चेतन काहीतरी पुटपुटला. तर तो साहेब म्हणतो, काही ऐकू येत नाही, जरा मोठ्याने बोला! आणि चेतन बोलला. मोठ्याने. त्यांनी कागद पुढे केला, मी न वाचता मान्य म्हटलं. घरी सांगायची हिंमत झाली नाही. सगळं, इंग्रजीत, आणि काकांना इंग्रजी चांगलं येतं. मग साहेबाने विचारलं, इतक्या वर्षांत स्वतःच्या हाताने केलेलं काही सांगा. आणि चेतन म्हणाला, ‘काल विंडोज टाकलं.’

मी डबा घ्यायला हात पुढे केला, काकांनी दिला नाही. तसेच उभे, खांद्यावर गव्हाचा डबा. दार उघडलं, चेतन बाहेर आला, वर नवा शर्ट, खाली घरातली हाफ पँट, आणि समोर बाप.

काकांनी विचारलं, ‘मला कधी सांगणार होतास?’

‘नोकरी लागली की सांगणार होतो, बाबा.’

‘मग सांगायचं काय राहिलं असतं?’ एवढं बोलून काका आत गेले, डबा खाली ठेवला आणि त्याला म्हणाले, आधी जेवून घे. चेतन तिथेच उंबऱ्यावर बसून रडला हो, लहान पोरासारखा, आणि मी आपला जिन्यातला दिवा बघत उभा राहिलो.

नोकरी? आम्ही कळवू, म्हणालेत. त्याला आता दोन महिने होत आले. काका अजून जिन्यात भेटतात, बोलतात, पाण्यावर बोलतात, पावसावर बोलतात, पण ते एक वाक्य नाही म्हणत. पद्मजाताईंचा फोन परवा बंद पडला, तर काका म्हणाले, दुकानात दाखवा.

आणि लॅपटॉप? अहो, झकास झालाय! एकदा अडकत नाही, एकदा कुरकुरत नाही. चेतन सकाळी आंघोळ करून त्याच्यासमोर येऊन बसतो, संध्याकाळपर्यंत तो उघडा असतो... काम तेवढं नाही त्याला.