तात्यांच्या लॉरीचा विमा

विमा कसा उतरवायचा ते आमच्या काकूंना विचारा! माझे चुलते, तात्या, लढाईवरून परतले आणि लष्कराच्या लिलावातली जुनी लॉरी घेऊन आले. हरिपूरचा गूळ सांगलीच्या पेठेत न्यायचा बेत होता, पण विम्याशिवाय परवाना मिळेना. म्हणून आम्ही सांगलीत विमा एजंटाकडे गेलो. काकूही आल्या होत्या. कशाला, ते तात्यांनाही ठाऊक नव्हतं.

एजंटानं विचारलं, "पूर्वी कधी अपघात केलाय?"

"एकबी न्हाई," तात्या छाती काढून म्हणाले.

"आवं, असं कसं?" काकू पुढं सरकल्या. "वडाला धडकलासा, देवळाची पायरी फोडलीसा, आन् पाटलाचा गोठा इसरलासा व्हय?"

"गप बस की गं!"

एजंटाचा टाक थांबला. "मग भरपाई किती घेतलीत?"

"घेतली कुठली? दिली! यांनी पाटलाची म्हस चेपली आन् बदल्यात माजी दुभती म्हस त्याच्या दावणीला बांधली. मला न इचारता!"

काकू कशाला आल्या होत्या ते आता कळलं. तात्या खाली मान घालून टोपी चाचपत बसले.

शेवटी विमा झाला, पण हप्ता दीडपट बसला. कागद देताना एजंटानं काकूंना विचारलं, "बाई, एवढं ठाऊक असून तुम्ही यांच्या लॉरीत बसता?"

"मी कशाला बसू?" काकू म्हणाल्या. "मी चालत आले. यांच्या आदी पोचले."