मुंग्यांची सावड

मी धसईच्या स्टँडवर मुरबाडच्या गाडीची वाट बघत बसले होते. मागच्या बाकावर सावळाराम आणि त्याची बायको शकू. मी डोळे मिटून घेतले. म्हातारी झोपली की लोकं मोकळी बोलतात.

“अवो, काल बांधावर एक मुंगी चिखलात रुतली. बाकीच्या धावल्या, माती उकरून काढली तिला. एकीनं तर केवढ्यानं हाक मारली!”

“मुंगीची हाक तुला ऐकू आली?”

“तुमी गप्प असलात की मला सगळं ऐकू येतं.”

“शेजारच्या दामूचा पाय मोडलाय, म्हणून ही मुंगी काढलीस ना?”

“त्याची रोपं जून व्हायला लागली. या आठवड्यात लावली नाय, तर यंदा त्याच्या घरात भात नाय.”

“गेल्या साली सावडीत आपण त्याचं शेत लावलं. आपली पाळी आली, तर हा सासुरवाडीला जाऊन बसला! आणि ऐक, मुंगी आपल्याच वारुळातलीला काढते. परकी मेली तरी ढुंकून बघत नाय.”

“मग दामू कुठल्या वारुळातला? आपली म्हैस वाहून चालली, तेव्हा पुरात कोण शिरला होता?”

तेवढ्यात गाडी आली.

“अवो, गाडी!”

“जाऊ दे. चल दामूच्या लावणीला.”

गाडी गेली. मी कशी उठणार? मी झोपले होते ना!

“पण मी त्याच्या घरात कुणाशी बोलणार नाय हां, सांगून ठेवतो.”

“नका बोलू. दुपारी त्याची बायको सुकटीचं कालवण वाढील, तेव्हा ‘आणखी वाढ’ कोण म्हणेल?”

“ते तू सांग तिला.”