डावा पंख

—नाही हो, तो नाही, तो नवा सिम्युलेटर. तुम्हाला न्यायचाय तो हा, कोपऱ्यातला, चादर पांघरलेला. थांबा, काढतो चादर. बसा आत, संकोच करू नका. काय म्हणालात? चित्र फिकट आहे? आहेच. जमीन म्हणजे हिरवं फडकं, नदी म्हणजे निळी पट्टी, घरं तर नाहीतच. तुमच्या फ्लाइंग स्कूलची मुलं हसतील बघा पहिल्या दिवशी. आमचीही हसायची — मास्तर, हे विमान आहे का पाटी, म्हणायची. मास्तर म्हणजे मी. वीस वर्षं याच खोलीत मुलांना जमिनीवर बसवून उडायला शिकवतोय. खरं विमान वर नेणारे शिक्षक वेगळे, ते रुबाबदार, मी आपला पंख्याखालचा.

आता दांडा मागे ओढा. अजून. नाक वर चाललंय, वेग उतरतोय — लागला ना दांडा थरथरायला? आणि आता — गेला, डावा पंख गेला खाली, बघितलंत? याला स्टॉल म्हणतात, पंखाचा हवेतला आधार सुटतो आणि विमान पडायला लागतं. आमची खरी विमानंही अशीच, डावीकडेच पडतात, याच वेगाला. हे जुळवायला मला दोन वर्षं लागली — वरच्या शिक्षकांशेजारी बसून, पोटातलं सगळं पिशवीत काढत, थरथर कधी सुरू होते, पंख कधी पडतो, वहीत टिपून आणायचो. हा डबा कोणाची गय करत नाही. तोंडदेखलं बोलणं याला माहीत नाही.

आणि तो नवा — या, बघायला काय हरकत आहे. डोळ्यांचं पारणं फिटतं की नाही? नदीत ढग दिसतात. गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. पालक आले की मुख्य साहेब त्यांना आधी इथे आणतात. पण नाक उचला — उचला, हवं तेवढं उचला. काय झालं? काही नाही. पाळणा टेकावा तसं हळूच खाली येतं. थरथर नाही, पंख पडणं नाही. मी साहेबांना सांगितलं होतं, हे चित्र आहे, विमान नाही. ते म्हणाले, मास्तर, तुमच्या त्या डब्याला घाबरून मुलं शिक्षण सोडतात. खोटं नव्हतं ते. माझ्या घरातलंच एक सोडायला निघालं होतं.

मुलगी माझी. ठकी म्हणतो आम्ही तिला — म्हणायचो. एकटीनं विमान न्यायच्या आधी दहा वेळा स्टॉलमधून सुटून दाखवावं लागतं, इथे, या खोलीत, आणि कार्डावर सही माझी. या जुन्यात ती नऊदा पडली. एकाच चुकीनं — थरथर लागली की दांडा पुढे लोटायचा, तर ही घाबरून मागे ओढायची. सगळेच ओढतात हो, जमीन अंगावर येताना दिसली की हात मागेच जातो. घरी येऊन जेवायची नाही. बायको म्हणाली, जगाला शिकवता आणि पोरीचाच अंत का बघता? मग एका शनिवारी मीच म्हटलं, चल, नव्यात बसू. दहाच्या दहा जमले. हसली किती. म्हणाली, "बाबा, ती बघा आपली गच्ची, आईची साडी वाळतेय." कुठली आपली — पण मीही म्हटलं, हो गं, आपलीच. आणि सही केली.

तीन वर्षं झाली. विमानात ती एकटीच. उतरण्याआधीचं शेवटचं वळण, उंची चारशे फूट. मी कुंपणापाशी उभा होतो, शेजारी तिची आई, हातात जेवणाचा डबा. डावा पंख गेला. मी ओरडलो, पुढे लोट, पुढे — तिथून कोणाला ऐकू जाणार? चौकशीत कोणी ते कार्ड नीट पाहिलं नाही. सराव कोणत्या यंत्रावर झाला ते लिहिलेलं असतं त्यावर, मी खरं तेच लिहिलं होतं, तरी कोणी पाहिलं नाही. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगत बसलो कोण जाणे.

मग मी रोज सकाळी या जुन्यात बसायला लागलो. तीच उंची, तोच वेग, तेच वळण. म्हटलं, पंख पडल्यावरही सुटता येतं का बघू. नाही सुटत. वीस वर्षं हेच शिकवणाऱ्याला एकदाही सुटता आलं नाही. थरथर लागली त्या क्षणी दांडा पुढे लोटला तरच. आणि ती थरथर तिला नऊदा कळली होती हो, मीच तिला विसरायला लावली.

आता याच्यात नाही बसत. त्या नव्यात बसतो. तेच वळण घेतो, मुद्दाम चुकतो, तिच्यासारखा दांडा मागे ओढतो. पंख पडत नाही. नदीवरून वळते, गच्चीवरून येते, आणि उतरते. रोज उतरते.

न्या तुम्ही हा, आजच न्या. उत्तम चालतो, खोटं बोलत नाही, एवढं माझं ऐका. — कागद? सही? ती साहेबांची घ्या, माझी नको. आणि जाताना दार ओढून घ्या.