माळकऱ्याच्या घरातली औषधाची बाटली

मंडळी, मला आधी एक सांगा — सोसणं म्हणजे पुण्य का? उगीच माना डोलवू नका! पुढं बसलेल्या अण्णांनी मघाशी गुडघ्याला बाम लावलाय, वास इथवर येतोय! आपल्या गुडघ्याला बाम, आणि दुसऱ्यानं मात्र सोसावं? ऐका मग.

यमुनाबाई कासारीण. बाजारात बांगड्या भरायची. माळकरी घर, तोंडात अखंड रामकृष्णहरी. तिला झाला पोटाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, आता बरं होणं नाही. औषधं चढवली तर थोडे दिवस वाढतील. म्हातारी म्हणाली, "नको रे बाबा. मला घरी ने."

मुलगा मुरलीधर, आईवर जीव! आणली घरी. पाठोपाठ दवाखान्यातली सिस्टर आली. "मुरलीभाऊ, हे वेळच्या वेळी पाजा, दुखणं थांबेल. मॉर्फिन आहे."

"म्हणजे अफूच की ओ! आईच्या गळ्यात माळ आहे!"

"नशा नव्हे भाऊ, औषध आहे."

ऐकतोय कुठला! सिस्टर गेली, यानं बाटली फडताळात ठेवून कुलूप घातलं. आणि आईला काय पाजलं? — तीर्थ! हसू नका मंडळी. भक्तीच होती ती. आंधळी होती, एवढंच.

म्हातारी पदर दातात धरून पडून राहायची. सून म्हणायची, "अहो, द्या की!" हा म्हणायचा, "आईचं व्रत मी मोडू?" अरे, पण आईला विचारलंस का? नाही!

एका सकाळी उशाशी बसून म्हणाला, "आई, देवाचं नाव घे ग."

"मुरल्या, येतच नाही रे तोंडात. लई दुखतं. नुसतं 'मेले ग, मेले ग' येतं... ती बाई औषध घेऊन आली होती ना? कुठं ठेवलंस?"

मुरलीधर धावला. कुलूप काढलं, बाटली आणली, सिस्टरनं सांगितलं होतं तेवढं पाजलं!

औषध पोटात गेलं, म्हातारीला डोळा लागला. उठल्यावर पेज मागितली. सुनेच्या बांगड्यांना नावं ठेवली — "कुठनं भरल्यास ग असल्या?" आणि ओठ हलायला लागले. रामकृष्णहरी! पण दिवस थोडेच उरले होते. गेली.

मुरलीधर माझ्याजवळ ढसाढसा रडला. "महाराज, आई जायचीच होती. पण बाटली घरात होती हो, आणि मी तीर्थ पाजत राहिलो!" मलाही रडू आवरेना.

मंडळी, तुमच्या घरात आहे कुणी अंथरुणाला खिळलेलं? सुया-सलाईन नको म्हणतंय? भांडू नका त्याच्याशी. पण म्हणून त्याला दुखत ठेवू नका! पुण्य कमवायचंय ना? आपल्या जिवावर कमवा, दुसऱ्याच्या वेदनेवर नको. आता डोळे मिटा. दुखण्यापायी ज्यांच्या तोंडात नाव येत नाही, त्यांच्या वाटचं आपण घेऊ — रामकृष्णहरी!