दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ

समारंभाच्या अध्यक्ष आणि आम्हा सर्वांच्या लाडक्या ज्येष्ठ गायिका, ज्यांना स्टुडिओत आम्ही नुसतं ‘बाई’ म्हणतो. व्यासपीठावरचे संगीतकार आणि गीतकार. ज्यांच्या निरोपासाठी हा सगळा थाट, त्या आपल्या ताई. पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान, म्हणजे आपले काका. आणि दाराशी ताटकळत उभे असलेल्यांसकट सर्व मित्रहो,

मी ध्वनिमुद्रक. काचेआड बसून दुसऱ्यांना ‘पुन्हा एकदा’ म्हणायचं, हे माझं काम. स्वतः बोलायची सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

एकतीस वर्षं ताई आपल्याकडे गायल्या आणि या इमारतीबाहेर त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. असं का? तर त्यांचं गाणं पुसण्यासाठीच असतं! नवी चाल मोठ्या गायकाला कळावी म्हणून आधी कुणीतरी ती गाऊन ठेवतं. मोठा गायक ती ऐकून शिकतो, स्वतः गातो आणि आधीचा आवाज काढून टाकला जातो. तो आधीचा आवाज म्हणजे ताई. शिवाय त्यांनी बाहुलीचं रडणं केलं, कोरसात तीन बहिणी एकटीने उभ्या केल्या, लिफ्टमधलं ‘दरवाजे बंद होत आहेत’ही त्यांचंच. काका, तुमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये त्याच बोलायच्या. तिथेही तुम्ही ऐकलं नसेल म्हणा.

ज्याच्यासाठी गायचं, त्याच्या दमाच्या मापाने ताई गातात. बाई जिथे श्वास घेणार, तिथेच ताईंचा श्वास. एकदा मी विचारलं, “स्वतःची एखादी हरकत घालावीशी वाटत नाही?”

“वाटते की रे. पण मी घातली तर बाईंना आधी ती झाडून काढावी लागेल. दुसऱ्याच्या घरात आपला पसारा कशाला?”

आता जे सांगतो, ते बाईंच्या परवानगीने. बावीस वर्षांपूर्वीचं बाईंचं ते गाणं तुम्हा सर्वांना तोंडपाठ आहे. शेवटी ताईंचा आवाज बंद करायचा आणि बाईंचा चालू ठेवायचा, एवढंच माझं काम होतं. दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीला मी नेमकं उलटं केलं! आणि ताई इतक्या मापात गायलेल्या, की संगीतकारांनाही पत्ता लागला नाही. ते आता हसताहेत, म्हणजे मी वाचलो.

गाणं बाहेर पडलं आणि लोकांनी नेमकी तीच ओळ डोक्यावर घेतली. महिन्याभराने मूळ टेप लावून बघताना घोळ माझ्या लक्षात आला. मी घाम पुसत ताईंकडे गेलो.

“ओळ सुरात आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“मग गप्प बस. तुझं लग्न ठरलंय, नोकरी घालवशील.”

“निदान काकांना तरी सांगा.”

“ह्यांना? संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळेल!”

त्या माझ्यासाठी गप्प राहिल्या आणि मी भित्रा म्हणून गप्प राहिलो. या निरोपाची तारीख ठरली तेव्हा मात्र मला राहवेना. बाईंकडे जाऊन सगळं ओकलो. बाई म्हणाल्या, “मला तर पहिल्यांदा ऐकतानाच कळलं. श्वास माझ्याच जागी, पण ओळीच्या टोकाला माझा दम पुरत नाही, तिचा पुरला. बोलले असते तर ओळ पुन्हा गावी लागली असती, आणि मला ती तशी आली नसती. मीही तुझ्याइतकीच चोर. समारंभात सांग, मी समोर असताना सांग.” यापुढे त्या गाण्यावर दोन नावं येतील. तसं पत्र बाईंनी कालच कंपनीला दिलं आहे. असं मोठेपण मी फार थोड्या लोकांत पाहिलं.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. त्या ओळीची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती मी ताईंकडे, हात जोडून मागतो.

आणि काका, ते गाणं लागलं की तुम्ही आवाज वाढवता आणि ताईंना स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावता, “अगं, ही ओळ ऐक! याला म्हणतात गाणं!” ताई मला हे दरवेळी हसून सांगायच्या. मला कधी हसू आलं नाही. आता तेच वाक्य एकदा त्यांच्याकडे बघून म्हणा.